तो चट्टा ना खाजत होता, ना दुखत होता

मोहफूल | ३१ जानेवारी, रात्री १०.२०

काल आमच्या ग्रामसभेत कुष्ठरोगाची शपथ झाली. गांधीजींच्या पुण्यतिथीला दरवर्षी होते. रुग्णाशी भेदभाव करणार नाही, असं सगळ्यांनी हात पुढे करून म्हटलं. माझा धाकटा भाऊ तिसऱ्या रांगेत होता. त्यानंही म्हटलं, पण डावा हात पुढे करून. उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट त्याला आता सरळ करता येत नाही. ते बघितल्यापासून मला चैन नाही, म्हणून हा धागा काढतेय. त्याला विचारून लिहितेय. त्याचं नाव, गावाचं नाव देणार नाही.

भाऊ तीस वर्षांचा आहे, चाकणला एका कारखान्यात वेल्डिंगचं काम करतो. दोन वर्षांपूर्वी त्याच्या उजव्या हातावर, कोपराच्या खाली, रुपयाएवढा चट्टा आला. फिकट, थोडा लालसर. खाज नाही, दुखत नाही. नंतर पाठीवर आणि मांडीवरही आले, ते त्याला दिसलेही नाहीत. तिथल्या एका डॉक्टरांनी गजकर्ण म्हणून मलम दिलं. ट्यूब संपली की दुसरी ट्यूब, असं सव्वा वर्ष चाललं. मध्ये एकदा त्या चट्ट्यावर ठिणगी पडून फोड आला आणि तो त्याला संध्याकाळी अंघोळीच्या वेळी कळला. तरी कुणाच्या डोक्यात काही आलं नाही. त्याच्या नाही, आमच्याही नाही. गणपतीच्या सुमारास हात रात्री ठणकायला लागला, तर तो दुखण्याच्या गोळ्या खात राहिला.

दिवाळीला घरी आला तेव्हा जेवताना मला दिसलं की त्याच्या बोटांतून भात गळतोय.

त्याच आठवड्यात आमच्या आशाताई तपासणीसाठी घरोघर फिरत होत्या. "दादा, शर्ट काढून पाठ दाखवता का?" म्हणाल्या. तो नाही म्हणाला. आईनं तर त्यांना जवळजवळ हाकललंच. "आमच्या घरात असलं काही नाही." आशाताई दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या आणि यावेळी माझ्याशी बोलल्या. त्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याला डोळे मिटायला सांगितलं आणि पेनाच्या टोकानं हलकेच स्पर्श करत "कुठे लागलं तिथे बोट ठेवा" म्हणाले. चट्ट्याभोवती बरोबर बोट ठेवत होता. चट्ट्यावर पेन टेकलं की हात जागचा हलत नव्हता. मी समोर उभी होते. बारा महिन्यांची गोळ्यांची पाकिटं सुरू झालीत, तिसरं चालू आहे.

मी प्राथमिक शिक्षिका आहे. कुष्ठरोगाचं देशातून निर्मूलन झालं, असं मी स्वतः वर्गात सांगितलेलं आहे. आता कळतं की भारतात दरवर्षी एक लाखाहून जास्त नवे रुग्ण सापडतात, जगातले निम्म्याहून अधिक. मग २००५ साली आपण जाहीर काय केलं होतं? इथे कुणी या कामातलं असेल तर कृपया सांगा. दुसरी गोष्ट, माझी चार वर्षांची मुलगी दिवाळीभर मामाच्या कुशीत झोपत होती. तिचं काय करू?

---

निशिगंध | ३१ जानेवारी, रात्री ११.४५

मोहफूल ताई, मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. आधी मुलीबद्दल. शंभरातल्या सुमारे पंच्याण्णव माणसांना या जंतूशी लढण्याची नैसर्गिक ताकद असते. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या नाकातोंडावाटे जंतू बाहेर पडतात, आणि लागण व्हायला बहुतेक वेळा दीर्घकाळचा जवळचा सहवास लागतो. चार दिवस कुशीत झोपल्यानं, एका ताटात जेवल्यानं हा रोग सहसा जडत नाही. गोळ्या सुरू झाल्यावर काही दिवसांतच रुग्णाकडून संसर्गाचा धोका जवळजवळ संपतो. भावाला मुलीपासून लांब ठेवू नका. मात्र घरातल्या सगळ्यांचं अंग उजेडात नीट तपासून घ्या आणि रिफाम्पिसिनच्या एका डोसबद्दल केंद्रात विचारा. रुग्णाच्या सहवासातल्या निरोगी माणसांना रोग टाळण्यासाठी हा एकच डोस देतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये त्याची शिफारस केली, आपल्या कार्यक्रमातही तो आहे. दोन वर्षांखालच्या मुलांना, गरोदर बायकांना, क्षयाचा संशय असलेल्यांना देत नाहीत. त्यानं धोका कमी होतो, शून्य होत नाही, म्हणून पुढची काही वर्षं अंगावर लक्ष ठेवावंच लागतं.

आता भावाचं. बोटं नेमकी कधीपासून वाकायला लागली? गणपतीपासून म्हणत असाल तर सहा महिने झालेले नाहीत, आणि ही फार मोठी गोष्ट आहे. कोपर कुठे आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना, तीच नस या रोगात सुजते. सूज ताजी असेल तर प्रेडनिसोलोन देऊन, मात्रा हळूहळू कमी करत काही महिने चालवून, नस बऱ्याचदा वाचवता येते. नेहमीच्या पाकिटात हे औषध नसतं. पाकिटातल्या गोळ्या जंतू मारतात, सूज वेगळी हाताळावी लागते. उद्याच्या उद्या केंद्रात जाऊन त्याच्या स्नायूंची ताकद तपासायला सांगा.

आणखी दोन गोष्टी, कारण यांमुळे लोक गोळ्या सोडतात. पाकिटातलं रिफाम्पिसिन घेतलं की लघवी लाल होते, घाबरू नये. त्यातल्याच क्लोफाझिमीननं चेहरा काळवंडतो. उपचार संपल्यावर काही महिन्यांत रंग परततो. आणि पूर्ण बरं झाल्यावरही चट्टा किंवा बधिरपणा राहू शकतो. याचा अर्थ रोग राहिला असा नाही.

आमच्या व्यवसायाबद्दलही लिहायला हवं. चट्टा दिसला की त्यावर स्पर्श जाणवतो का हे बघायला एक मिनिट लागतं. ते मिनिट द्यायचं आम्ही कुठेतरी विसरलो.

---

पाऊलवाट | १ फेब्रुवारी, सकाळी ८.०५

माझ्या आत्याच्या दोन्ही हातांवर आणि ओठांवर पांढरे डाग आहेत. तिलाही हेच असेल का? घरात तिचे कपडे वेगळे धुतात.

निशिगंध | १ फेब्रुवारी, सकाळी ८.४०

दुधासारखे पांढरे, ओठांवर, दोन्ही हातांवर सारखे, हे वर्णन कोडाचं वाटतं. कोड म्हणजे रंगपेशी गेल्यानं पडलेले डाग. जंतू नाही, संसर्ग नाही, बधिरपणाही नाही. जुन्या लोकांनी त्याला 'श्वेतकुष्ठ' म्हटलं आणि त्या एका शब्दापायी कित्येक मुलींची लग्नं मोडली. कुष्ठरोगाचा चट्टा पांढराशुभ्र नसतो, फिकट किंवा लालसर असतो. आत्यांना एकदा दाखवून आणा आणि कपडे वेगळे धुणं आजच थांबवा.

---

जुनी_सायकल | १ फेब्रुवारी, दुपारी ३.३०

ताई, मी कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झालो. विदर्भातच नोकरी झाली. तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला थोडं मागे जावं लागेल.

मी लागलो तेव्हा आमच्याकडे एकच काम होतं, कुष्ठरोग. सर्वेक्षण, शिक्षण, उपचार. ही पद्धत वर्ध्याच्या गांधी स्मारक कुष्ठरोग निवारण प्रतिष्ठाननं १९५० च्या दशकात घालून दिलेली. त्याच्याही आधी, १९३६ साली, मनोहर दिवाणांनी दत्तपूरला कुष्ठधाम काढलं होतं. सेवाग्रामला गांधीजी कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींची मालिश स्वतः करायचे. त्या मातीतला कार्यक्रम तो. माणूस लांब नेऊन ठेवायचा नाही, आपण त्याच्या दारात जायचं. सायकलवर गावं वाटून घेतलेली असत. घरातल्या प्रत्येकाचं अंग दिवसाच्या उजेडात बघायचं. कंदिलाच्या किंवा बल्बच्या उजेडात फिकट चट्टा दिसत नाही.

तेव्हा औषध एकच, डॅप्सोन. पाच-पाच, दहा-दहा वर्षं, काहींना आयुष्यभर. लोक कंटाळून सोडायचे, जंतू औषधाला निर्ढावायचे. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तीन औषधं एकत्र द्यायला सांगितली. देशात ती ज्या जिल्ह्यांत अगदी सुरुवातीला आली त्यांत आमचा वर्धा होता. महिन्यातून एक दिवस गोळ्या आमच्यासमोर गिळायच्या, बाकीच्या घरी. झाडाखाली बाज टाकून आम्ही बसायचो, चार-पाच गावचे रुग्ण यायचे. ज्यांच्या वडिलांनी वीस वर्षं गोळ्या खाल्ल्या त्यांची मुलं दोन वर्षांत बरी होऊन जाताना बघितलीत मी. त्याच्याएवढं समाधान नोकरीत दुसरं मिळालं नाही.

आता २००५. १९९१ मध्ये जगानं ठरवलं होतं की दर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण उपचाराखाली राहिले की 'सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून' हा रोग संपला असं मानायचं. भारत डिसेंबर २००५ मध्ये त्या रेषेखाली आला. आरोग्य खात्याच्या भाषेत याला दूरीकरण म्हणतात. निर्मूलन म्हणजे मुळासकट उपटणं, देवीचं झालं तसं, आपल्याकडे नारूचं झालं तसं. पण आमच्या कार्यक्रमाच्या नावातच 'निर्मूलन' होतं. वर्तमानपत्रांत तेच छापून आलं, तुमच्या वर्गात तेच पोचलं. 'सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून' हे शब्द कुठे गळले कुणाला कळलं नाही.

त्याच्या आगेमागे आमची वेगळी यंत्रणा सर्वसाधारण आरोग्य सेवेत मिसळली. रुग्णाला कुठल्याही केंद्रात गोळी मिळायला लागली, हे चांगलं झालं. पण घरोघरचं बघणं बरीच वर्षं थांबलं. चट्टा दुखत नाही, त्यामुळे रुग्ण आपणहून येत नाही. आला तर बोटं वाकल्यावर येतो. माझ्या जागी दुसरा माणूस आलाच नाही.

---

आकडेमोड | १ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.५०

थोडा वेगळा सूर लावतो. १९८३ च्या सुमारास दर दहा हजारांत ५७ च्या वर रुग्ण होते, २००५ च्या शेवटी ०.९५. एका पिढीत एवढी घट! या यशाला कमी लेखू नये असं मनापासून वाटतं.

जुनी_सायकल | १ फेब्रुवारी, रात्री ८.१५

कमी लेखत नाही हो, त्या आकड्यात माझी सायकलही आहे. पण तो आकडा काय मोजतो ते बघा. ठरलेल्या दिवशी उपचाराखाली किती लोक आहेत, एवढंच. सांसर्गिक, म्हणजे अंगावर जास्त चट्टे असलेल्या रुग्णाचा उपचार आधी चोवीस महिने होता, १९९० च्या दशकाच्या अखेरीस तो बारा महिन्यांवर आला. नवे रुग्ण तेवढेच सापडले तरी रजिस्टरातली नावं निम्म्यावर येणार. खोटं कुणी लिहिलं नाही. आम्ही हौदातलं पाणी मोजत होतो, नळाची धार मोजत नव्हतो. धार बघायची तर वर्षाला नवे किती, त्यात मुलं किती, आणि पहिल्याच तपासणीत हात-पाय वाकडे झालेले किती, हे बघावं. मुलात सापडला म्हणजे आसपास कुठेतरी उपचार न घेतलेला मोठा माणूस आहे. आजही दरवर्षी हजारो मुलं सापडतात.

आकडेमोड | १ फेब्रुवारी, रात्री ९.००

हे माहीत नव्हतं. पटलं. मग देवीसारखा मुळासकट का जात नाही हा?

निशिगंध | १ फेब्रुवारी, रात्री १०.१०

देवीला लस होती आणि ताप आल्यावर चार दिवसांत आजार चेहऱ्यावर दिसायचा. हा जंतू एकाचे दोन व्हायला बारा-चौदा दिवस घेतो. लागण झाल्यापासून चट्टा दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं, कधीकधी वीस. प्रयोगशाळेत बशीत तो आजवर वाढवता आलेला नाही. लक्षणांआधी कुणाला होणार हे सांगणारी खात्रीची चाचणी नाही. म्हणून हातात उरतं ते लवकर शोधणं आणि सहवासातल्यांना तो एक डोस. सरकारनं २०२७ पर्यंत संक्रमण थांबवायचं उद्दिष्ट ठेवलंय.

---

सुगरणीचा_खोपा | २ फेब्रुवारी, सकाळी ११.२०

मोहफूल, वाचून फार वाईट वाटलं. भावाला आनंदवनात नेलं तर? तिथे त्याची चांगली सोय होईल, कामही मिळेल.

तिसरी_पिढी | २ फेब्रुवारी, दुपारी १.०५

तुम्ही चांगल्या मनानं लिहिलंय हे कळतं, तरी उत्तर देते. मी कुष्ठवसाहतीत वाढले. आजोबा कोकणातले. १९६० च्या दशकात त्यांना वडाळ्याच्या ॲक्वर्थ रुग्णालयात आणलं. तिथे ते बरे झाले. गावी परत गेले तर भावांनी ओसरीवरही बसू दिलं नाही. मग बरे झालेलेच चार-पाच जण एकत्र आले आणि रेल्वेलगतच्या मोकळ्या जागेत झोपड्या पडल्या. आजीही तशीच आलेली, दुसऱ्या जिल्ह्यातून. माझे बाबा तिथे जन्मले, मी पण. आमच्यापैकी कुणालाही रोग झाला नाही. पण शाळेच्या दाखल्यावर वसाहतीचा पत्ता होता. पहिल्या नोकरीच्या अर्जावर मी मावशीचा पत्ता लिहिला. आजोबा तेव्हा जिवंत होते, त्यांनीच सुचवलं.

आनंदवन १९४९ चं, अमरावतीचं तपोवन त्याच्याही आधीचं. ज्या काळात लोक कुष्ठरुग्णाला गावकुसाबाहेर फेकत होते त्या काळात बाबा आमटे, शिवाजीराव पटवर्धन यांनी हाताला काम आणि मान दिला. माझ्या आजोबांच्या देव्हाऱ्यात बाबांचा फोटो होता. पण आज वर्षभर गोळ्या खाऊन बरा होणाऱ्या, घर असलेल्या, नोकरी असलेल्या माणसाला कुणी "आनंदवनात नेऊन ठेवा" म्हणतं तेव्हा मला ती ओसरी आठवते. त्याचं घर आहे. तो घरीच राहील.

कायद्याचंही लिहून ठेवते. कुष्ठरुग्णांना कोंडून ठेवायची मुभा देणारा १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होऊ शकत होतं, ते २०१९ मध्ये काढलं. म्हणजे मी पदवीधर झाले तेव्हाही होतं.

सुगरणीचा_खोपा | २ फेब्रुवारी, दुपारी २.३०

माफ करा. मी असा विचारच केला नव्हता.

---

पावसाळी_बंदर | २ फेब्रुवारी, रात्री ११.५५

मी नॉर्वेत बर्गनला असते. हा जंतू १८७३ मध्ये याच शहरात आर्माउअर हान्सेन यांनी शोधला. इथलं जुनं कुष्ठरुग्णालय आता संग्रहालय आहे. शेवटचे दोन रुग्ण १९४६ मध्ये वारले, तोवर ते तिथेच राहिले. लाकडी इमारत, मधल्या दालनाच्या दोन्ही बाजूंना खोल्या, इतक्या लहान की दोन खाटांमध्ये जेमतेम उभं राहता येतं. १८५६ पासून या देशानं प्रत्येक कुष्ठरुग्णाची नोंद ठेवली. आनुवंशिक की संसर्गजन्य, हा वाद चालू असताना त्या नोंदींचा आधार झाला.

तिथेच हेही कळलं की हान्सेननी एका रुग्ण स्त्रीच्या डोळ्यात तिला न विचारता दुसऱ्या रुग्णाच्या गाठीतला अंश टोचला होता. खटला झाला आणि १८८० मध्ये त्यांचं रुग्णालयातलं पद गेलं. मोठा शोध लावणाऱ्यालाही त्या बाईला विचारल्याशिवाय हात लावायचा अधिकार नव्हता, हे तिथल्या न्यायालयानं दीडशे वर्षांपूर्वी मानलं. मोहफूल, तुम्ही "त्याला विचारून लिहितेय" असं लिहिलंत, तेव्हा मला ती बाई आठवली.

---

मोहफूल | ९ फेब्रुवारी, रात्री ९.३०

सगळ्यांचे आभार. निशिगंध, तुमचा प्रतिसाद वाचून दुसऱ्याच दिवशी गेलो. ताकद तपासली, रक्तातली साखर बघितली आणि जिल्हा रुग्णालयातून प्रेडनिसोलोन सुरू झालं. बोटांसाठी आधारपट्टी दिली आहे. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली, कुणाला काही नाही. एक डोस मुलीनंही घेतला. आईनं घ्यायला दोन दिवस लावले. "मला काय झालंय?" म्हणत होती. मग भावानं स्वतः तिच्या हातावर गोळी ठेवली.

आता नवा पेच आहे. तो डोस शेजाऱ्यांनाही द्यायचा असतो. त्यासाठी आशाताई आळीत फिरणार म्हणजे रुग्ण कोण, हे लोक ओळखणार. म्हणून त्याची संमती लागते. तो नाही म्हणतोय. मी शिक्षिका म्हणून म्हणते दे, बहीण म्हणून माझी जीभ उचलत नाही.

जुनी_सायकल | १० फेब्रुवारी, सकाळी ७.१५

जबरदस्ती नको. आशाताईंना म्हणावं, एका घराभोवती न फिरता पूर्ण वस्तीची तपासणी लावा. कातडीच्या सगळ्याच तक्रारी बघा, गजकर्ण, खरूज, नायटा, सगळं. मग बोट कुणा एकाकडे जात नाही. आम्ही असंच करायचो. आणि त्याला दोन महिने द्या. हातात ताकद आली की माणूस वेगळा विचार करतो.

कामावर जाणार असेल तर पाकिटांची काळजी नको. चाकणच्या सरकारी केंद्रातही तीच मोफत मिळतात, इथून पत्र घेऊन जावं.

निशिगंध | १० फेब्रुवारी, दुपारी २.००

सहमत. वेल्डिंगला परत जाताना जाड हातमोजे हवेतच, बधिर हाताला चटका कळत नाही. रोज रात्री हात पंधरा-वीस मिनिटं साध्या पाण्यात बुडवून, टिपून, ओलसर असतानाच तेल चोळायचं आणि कुठे फोड, चीर, लाली आहे का ते डोळ्यांनी बघायचं. जिथे दुखणं सांगत नाही तिथे डोळ्यांनी सांगावं लागतं. ही सवय मोडली की मग जखमा चिघळून बोटं झडतात. बोटं जंतू खात नाही, न कळलेल्या जखमा खातात.

---

मोहफूल | १७ मे, रात्री १०.४०

धागा वर काढतेय. सातवं पाकीट चालू आहे. करंगळी पूर्ण सरळ झालेली नाही, पण घास नीट होतो, शर्टाची बटणं स्वतः लावतो. चट्टा तसाच बधिर आहे. चेहरा काळवंडलाय. कारखान्यात कुणी विचारलं तर "गोळ्यांनी झालंय, जाईल" म्हणून सांगतो. कसल्या गोळ्या, ते दोन मित्रांना सांगितलंय. एक जण तेव्हापासून डबा त्याच्याबरोबर मुद्दाम खातो.

एप्रिलमध्ये सुट्टीवर आला तेव्हा आपणहून म्हणाला, आळीला तपासू दे. वस्तीची तपासणी लागली. जुनी_सायकल काकांनी सांगितलं तशीच, सगळ्या कातडीची. शाळेच्या पटांगणात, सकाळच्या उन्हात, बायकांसाठी साडीचा आडोसा करून. माझ्याच वर्गातली एक मुलगी निघाली. पायावर एकच चट्टा, नसांना काही नाही. वर्षभर ती माझ्यासमोर पहिल्या बाकावर बसत होती. तिला सहा महिन्यांची पाकिटं आहेत. तिच्या आईला घेऊन मी भावाच्या घरी गेले. दोघं अंगणात बराच वेळ बोलत होते. मी आत चहा करत होते, त्यामुळे काय बोलले ते मला माहीत नाही.

जुनी_सायकल | १८ मे, सकाळी ६.५०

मुलीचे हात-पाय दर महिन्याला तपासून घ्या, ताई. पाकिटं संपल्यावरही. आणि तिच्या घरातली सगळी मोठी माणसं उजेडात बघितली का? कामाला बाहेरगावी गेलेलं कुणी आहे का, तेही विचारा.

मोहफूल | १८ मे, सकाळी ७.३०

तिचे आजोबा वीटभट्टीवर आहेत, पावसाळ्यात परत येतात. आशाताईंनी वहीत नाव लिहून ठेवलंय.